दुसऱ्या डोळ्याच्या आधी

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस भित्राच असावा, असं तो म्हणायचा. दोर तुटेल, ब्रेक घसरेल, हे ज्याच्या मनात आधी येतं, त्याच्याच हातून काम नीट होतं. पण हा स्वभाव तो हत्यारांच्या पेटीबरोबर घरीही आणायचा. गॅस बंद केलाय ना, हे बघायला अर्ध्या जिन्यावरून परत यायचा. बायको त्याला ‘काळजीवाहू’ म्हणायची. "काळजीवाहू सरकार तरी कधीतरी जातं," ती वर सांगायची.

अशा माणसाला सासूबाईंनी एका सकाळी चहा पिता पिता सांगितलं, "मला तारे बघायचेत. गच्चीवरून दिसतात ते चार-दोन नव्हे. पोटभर."

सासूबाई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू नुकताच काढला होता, डाव्याची तारीख ठरायची होती.

"डाव्याच्या आधी न्याल?" त्या म्हणाल्या.

"आधीच का?"

"उगाच," म्हणत त्यांनी कप तोंडाला लावला.

त्याची झोप उडाली. सत्तरी उलटलेलं माणूस, नवा डोळा, मिट्ट काळोख, खड्डे, साप, कुत्री. डॉक्टर नाही म्हणतील या आशेने त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, धूळ सांभाळा आणि खुशाल जा. पळवाट राहिली नाही.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला ताऱ्यांचा नाद होता. सासूबाईंचे थेंब घेताना त्याने विषय काढला.

"आधी एक करा. मोठी दुर्बीण विकत घेऊ नका," औषधवाला म्हणाला. "नवखे तिथेच फसतात. पहिल्या रात्री नुसते डोळे पुरतात. आणि अमावास्येच्या आगेमागे जा. भरल्या चंद्रात दुसरं काही दिसत नाही."

"ढग आले तर?"

"म्हणून दुसरी तारीख हाताशी ठेवायची. जागा दिवसाउजेडी बघून या. अंगावर वाटतं त्याहून एक कपडा जास्त घाला, रात्री नुसतं बसून थंडी फार वाजते. आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला अर्धा तास तरी लागतो, म्हाताऱ्या माणसांना जास्त. एकदा पांढरा उजेड डोळ्यांत गेला की पुन्हा पहिल्यापासून. बॅटरीवर लाल कागद लावा."

रविवारी तो शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत गेला. मागचं मोकळं रान वापरायची मालकीणबाईंची परवानगी घेतली. कुंपणाजवळ एक खड्डा दिसला, तर त्याच्याभोवती काठ्या रोवून पांढऱ्या चिंध्या बांधल्या. तरी रात्री तो खड्डा त्याच्या स्वप्नात आला.

ठरलेल्या दिवशी आभाळ भरून आलं. त्याला हायसं वाटलं. मग सासूबाईंनी स्वेटर घडी करून ठेवलेला पाहिला आणि त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

दुसऱ्या तारखेला आभाळ स्वच्छ होतं. रानात पोचल्यावर बायकोने सतरंजी अंथरली, आईला खुर्चीत बसवलं. तिघं डोळे अंधाराला सरावायची वाट बघत राहिली. थोड्या वेळाने वारा सुटला, तसा तो गाडीतलं दुसरं पांघरूण आणायला निघाला. दार उघडलं की आतला दिवा लागणार, तो हाताने झाकायला बायकोही गेली. परत आले तर खुर्ची रिकामी.

"आई?"

उत्तर नाही. त्याने पुन्हा हाक मारली. कुंपणाकडे बघितलं, तर चिंध्यासुद्धा दिसेनात. त्याने बॅटरीवरचा लाल कागद ओरबाडून काढला आणि प्रकाश टाकला. खुर्चीपासून थोड्या अंतरावर सासूबाई गवतात उताण्या पडल्या होत्या.

तो धावत पुढे गेला. "आई, पडलात का?"

"आधी तो दिवा विझवा," डोळ्यांवर हात धरून त्या म्हणाल्या. "एवढा वेळ बसून डोळे तयार केले, घातलंत सगळं पाण्यात."

त्याने दिवा विझवला. "अहो, मग हाकेला ओ का नाही दिलीत?"

"खुर्चीत मान अवघडली म्हणून आडवी झाले. आणि वर बघितल्यावर..." त्यांनी डोळ्यांवरचा हात काढला. "थोरल्या बहिणीचा पहिला डोळा असाच छान झाला होता. दुसऱ्यात काहीतरी बिघडलं, तो गेला तो गेलाच. म्हणून म्हटलं, दोन्ही आहेत तोवर बघून घ्यावं. लेकीला बोलू नका, ती घाबरेल."

लेक मागेच उभी होती. ती आईच्या कुशीला जाऊन आडवी झाली.

एरवी कुणाला धीर द्यायचा तर तो यंत्राचे चार नियम सांगायचा. आत्ता त्याला एकही आठवेना.

"मलाही भीती वाटते," तो म्हणाला.

"ती काय, दिसतेच," सासूबाई म्हणाल्या. "पडा इथे. पांघरूण टाका."

पुन्हा पहिल्यापासून वाट बघणं आलं. मग हळूहळू आभाळ ताऱ्यांनी भरत गेलं. मध्येच डोक्यावर एक पांढुरका पट्टा दिसला आणि ढग आले असं वाटून तो धडपडून उठून बसला. पण पट्टा काही हलेना. ती आकाशगंगा होती.

सासूबाई एकदा हा डोळा झाकत होत्या, एकदा तो. "नव्या डोळ्याने निळे दिसतात," त्या म्हणाल्या. "जुन्याने बघावं तर चहा सांडल्यासारखे."

पुढच्या महिन्यात डाव्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा सगळं धुरकट होतं. सूज आहे, उतरेल, असं डॉक्टर म्हणाले. पण तिघांनाही थोरल्या मावशी आठवल्या. ते दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. तो कामावरून फोन करून विचारायचा, "आज कसं?" आणि त्या म्हणायच्या, "कालच्यासारखंच."

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी त्यांनी स्वतःच फोन केला. "समोरच्या इमारतीवरचा नंबर वाचता येतोय," त्या म्हणाल्या. "डाव्याने."

तो शिडीवर होता. आधी खाली उतरला, मगच बोलला.