किकची ओवाळणी

माझ्या भावाला भाऊबीजेला कधी ओवाळणी घालावी लागली नाही. मी ताट घेऊन समोर यायची, तो पाटावर मांडी घालून बसायचा आणि जमलेल्या पाहुण्यांकडे बघत म्हणायचा, “हिला कशाला पायजे ओवाळणी? वर्षभर रोज सकाळी किक मारतो, तीच हिची ओवाळणी.” सगळे हसायचे. मीही हसायची. दुसऱ्या दिवशी सकाळी परत किक लागणारच होती.

लहानपणी पोलिओने माझा उजवा पाय नेला. कॅलिपर आणि कुबडी यांवर माझं चालणं. सुप्याच्या एका कंपनीत टेबलाशी बसून रबरी वायसर तपासायची नोकरी मिळाली, तेव्हा गावातून तिथवर जायला एक जुनी गिअरची स्कूटर घेतली आणि मागे दोन्ही बाजूंना जोडचाकं बसवून घेतली. पायाचा ब्रेक हातावर घेतला. किक तेवढी पायावर राहिली, आणि तीही उजव्या. म्हणजे गाडी माझी, पेट्रोल माझं, आणि ती चालू व्हायची ती दुसऱ्याच्या पायाने. शिवाय गाडी मागे जात नसे. अंगणातून तिचं तोंड फाटकाकडे वळवायचं तर कुणीतरी मागे ओढून द्यावी लागायची.

घरी हे काम भावाचं. कंपनीच्या गेटवर वॉचमन किक मारायचा. बाजारात मी गाडी बंदच करायची नाही, धडधडत्या गाडीवरूनच भाजी घ्यायची. पेट्रोल पंपावर बंद करावीच लागे, मग पंपावरचा माणूस किक मारायचा आणि सोबत चार शब्द फुकट द्यायचा, “कशाला ताई एवढं बाहेर पडायचं?” किक मारणारा माणूस उपदेश केल्याशिवाय जात नाही.

आई गेली तेव्हा शेवटी तिने भावाचा हात धरून एवढंच सांगितलं, “हिची गाडी तेवढी चालू करून देत जा.” आई शहाणी होती. या घरात मला पोळी मिळते ती गाडी चालते म्हणून, हे तिला कळत होतं. भावाने शब्द दिला आणि त्याचा झेंडाच केला. पारावर बसला की विषय किकेवर आणायचा. थंडीत गाडी कशी धरत नाही, मग चोक देऊन कसं झटावं लागतं, वगैरे. गाव म्हणायचं, भाऊ असावा तर असा. कुणी नवा माणूस घर विचारत आला, तर हाच भाऊ त्याला सांगायचा, “लंगडीचं घर इचारा, कुनीबी दावील.”

रोज रात्री जेवताना मी विचारायची, “दादा, उद्या जरा लवकर जायचंय, किक मारशील ना?” तो ताटातून मान वर न करता म्हणायचा, “बघू.” हे ‘बघू’ मी इतकी वर्षं ऐकलं आहे की अजूनही कुणी तो शब्द उच्चारला तर मी आधी घड्याळाकडे बघते. तो नाही म्हणाला असं क्वचितच झालं. पण हो म्हणायला त्याची जीभ कधी वळली नाही. नाक दाबलं की तोंड उघडतं, आणि माझं नाक कुठे आहे हे त्याला नेमकं ठाऊक होतं.

एका भाऊबीजेला मला राहवलं नाही. त्याचा ठरलेला विनोद झाला, पाहुणे हसले, आणि मी ताट खाली ठेवत म्हटलं, “दादा, यंदा साडी घाल. किक मी बाजारातून आणीन.” पाहुणे याही वेळी हसले, फक्त या वेळी त्याला हसले. त्याच्या सासरची माणसं होती, म्हणून जास्त मोकळेपणाने हसले. त्याने ताटातली जिलेबी खाल्ली, पाणी प्याला, उठून गेला.

दुसऱ्या दिवशी कंपनी उघडत होती, आणि साहेबांनी सुटीआधीच सांगितलं होतं की तपासणीच्या सगळ्या टेबलांचं काम त्या दिवसापासून मी बघायचं. मी इस्त्रीची साडी नेसून, डबा घेऊन गाडीवर जाऊन बसले. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं. भाऊ दिसेना. वहिनी अंगण झाडत होती. ती म्हणाली, “ते पहाटंच गेले कांद्याकडं.” मी म्हटलं, “तुम्ही मारता का किक?” ती म्हणाली, “न्हाई बाई. मागं मारली हुती, मांडीत चमक भरली.” आणि तिने झाडलोट माझ्या चाकांना वळसा घालून पुढे नेली.

मी भिंतीकडे तोंड करून गाडीवर बसून राहिले. रस्त्याने जाणारी माणसं बघत होती. दूधवाला थांबला, पण वहिनीसमोर भावाचं काम करायला कोण धजणार? तोही निघून गेला. ऊन भिंतीवरून उतरून माझ्या मांडीवर आलं, तेव्हा भाऊ परतला. पाय धुतले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “अगं, अजून हितंच? आनली न्हाई व्हय किक बाजारातनं?”

टेबलांचं काम दुसऱ्या बाईकडे गेलं.

कंपनीत स्टोअरमध्ये कर्जतकडचा एक गडी आहे, त्याचे तर दोन्ही पाय माझ्या उजव्या पायाच्या जातीचे. तोंडाने महातिखट. मी हे सगळं सांगितलं तेव्हा सहानुभूती दाखवायचं सोडून तो म्हणाला, “ताई, ती गाडी तुमच्या भावाची हाय. तुमी नुस्त्या तिच्यावर बसता.” मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग त्याने त्याची गाडी दाखवली. नवी होती, बिनगिअरची, जोडचाकांसकट, बटन दाबलं की चालू, आणि खाली एक दांडी होती ती ओढली की गाडी चक्क मागे जायची. “बसा,” तो म्हणाला.

मी बसले आणि दांडी ओढली. गाडी मागे गेली. कुबडीवरच्या माणसाला मागे जाता येत नाही, मागे गेलं की पडतो. कुणी धरल्याशिवाय मागे जाण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिलीच वेळ. कंपनीच्या शेडभोवती मी उलटीच एक फेरी मारली. बाया हसत होत्या, आणि मी वेड्यासारखी रडत होते.

तरी मी लगेच घेतली नाही. घेण्याची ऐपत नव्हती असं नाही, माझी शिल्लक होती. घरात विषय काढला तर वहिनी म्हणाली, “मग आमची गरजच काय ऱ्हायली?” भाऊ म्हणाला, “आईला दिलेला शब्द मला मोडायला लावती तू.” शब्द पाळताना जो माणूस एवढा फुगायचा, तो शब्दातून सुटतोय म्हणून चिडला होता. याचं मला हसू आलं. पण रात्रभर मनात दुसरंच घोळत राहायचं, आणि ते लिहायला मला लाज वाटत नाही. दिवसभरात माझ्यापाशी चालत येणारं त्या घरातलं माणूस एकच होतं, सकाळी किक मारायला येणारा भाऊ. शिव्या घालत का होईना, यायचा. एकदा बटन आलं की अंगणात माझ्याकडे कोण येणार? गुलामीची सवय अशी असते. मी पाऊसकाळभर हा हिशेब करत राहिले आणि रोज ‘बघू’ ऐकत राहिले. एक दिवस कंपनीतून निघताना वॉचमन रजेवर होता. बदलीच्या माणसाने किक मारली आणि माझ्या पाठीवर हात फिरवला, फिरवत राहिला. मी त्याच संध्याकाळी नगरला फोन करून गाडी सांगितली.

दसऱ्याच्या दिवशी गाडी दारात आली. वहिनीने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली. चाकांखाली ठेवायला तिने दोनच लिंबं आणली होती, बाकीच्या दोन चाकांचं तिला सुचलं नव्हतं. मी बसायला निघाले तर भाऊ पुढे झाला. आमच्यात नवी गाडी आधी ग्रामदैवताला दाखवतात, आणि ती घरचा कर्ता पुरुष नेतो. ट्रॅक्टर त्यानेच नेला होता, मोटरसायकल त्यानेच नेली होती.

मी म्हटलं, “दादा, ही मोटरसायकलसारखी नाही. वळताना अंग टाकू नको आणि पाय खाली सोडू नको. जोडचाक पायावरून जातं.”

“तू मला गाडी शिकवती व्हय? आजवर किक कुनी मारली तुझ्या गाडीला?”

मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. सांगायचं ते सांगून झालं होतं.

देवळाच्या वळणावर सीमोल्लंघनाला सगळं गाव जमलेलं. भावाने सवयीने अंग टाकलं. जोडचाकांची गाडी झुकत नाही, ती सरळ माणसांकडे निघाली. तो घाबरला आणि दोन्ही पाय त्याने जमिनीवर टेकवले. मागचं जोडचाक उजव्या घोट्यावरून गेलं. आधी माणसं हसली, मग तो ओरडला. मी कुबडीवर पोचेपर्यंत कुणीतरी गाडी बाजूला लावली होती, तिला ओरखडाही नव्हता. त्याला माझ्यामागे बसवलं. लंगडीच्या मागे बसायचं नाही म्हणून जन्मात कधी न बसलेला माझा भाऊ माझ्या खांद्याला धरून नगरपर्यंत आला. “हळू घे, लई ठनकतंय,” म्हणत होता. मी हळू घेतली नाही.

भाऊबीजेला त्याचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरात होता. पाटावर बसता येईना म्हणून खुर्चीवर बसला. तीच सासरची माणसं होती. मी ओवाळलं आणि ताट त्याच्यासमोर धरलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने खिशात हात घातला, खिसाही रिकामा होता, कारण एवढ्या वर्षांत त्याला कधी सवयच नव्हती. शेवटी हळूच म्हणाला, “उद्या नगरला पाय दावायला जायचंय. नेशील ना?”

मी निरांजन सरळ केलं आणि म्हटलं, “बघू.”

मला बरं वाटलं. जेवण फार गोड लागलं त्या दिवशी, तिसरी जिलेबी मी मागून घेतली.

सकाळी तो माझ्याआधी आवरून ओट्यावर बसला होता. धुतलेला सदरा, टोपी, मांडीवर एक्स-रेची पिशवी. वहिनी अंगण झाडत होती. मी गाडीवर बसले, बटन दाबलं, दांडी ओढली आणि गाडी उलटी घेत त्याच्या पायांजवळून फाटकापर्यंत नेली. तो ओट्याच्या खांबाला धरून उठला. “ताई, ते बसत्यात न्हवं?” वहिनी म्हणाली. मी तोंड रस्त्याकडे वळवलं आणि सुप्याच्या दिशेने निघाले. मागून त्याची हाक आली, नावाने. ‘लंगडे’ नाही म्हणाला.

आईचा शब्द मला आठवत होता. पण तो तिने त्याच्याकडून घेतला होता. माझ्याकडून तिने काही मागितलं नव्हतं.