क्रोटनच्या कुंडीतलं पाणी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. बहिणीला सांगायला एकदा तोंड उघडलेलं, आणि भाजीचे भाव विचारून गप्प बसले. तुम्ही मला ओळखत नाही तेच बरं. ओळखत असतात तर म्हणाला असतात, छे, ही? ही तर सासूचं किती करते!

करते. खरंच करते. पण का करते?

सासरे गेल्यावर आई, म्हणजे माझ्या सासूबाई, डोंबिवलीहून आमच्याकडे वर्तकनगरला आल्या. टेम्पोत मांडीवर क्रोटनची कुंडी घेऊन. सासऱ्यांनी लावलेलं झाड. हॉलच्या खिडकीत ठेवलं ते ठेवलं, कुणी जागचं हलवायचं नाही, रुसतं म्हणे, पानं गाळतं. रोज सकाळी मातीत बोट खुपसून बघायच्या, ओल लागली तर पाणी नाही. मग ओल्या फडक्याने एकेक लाल-पिवळं पान पुसत बसायच्या. मला असा राग यायचा! माझ्या कपाळाला कधी हात लावला नाही या बाईने, आणि पानं पुसतेय?

त्या उन्हाळ्यात त्या नणंदेकडे मानपाड्याला गेल्या राहायला. मी तापाने फणफणलेली. रोज फोन यायचा — "अगं, बोट घालून बघितलंस ना? ओलं असेल तर घालू नकोस हं." माझ्या तापाचं? एक अक्षर नाही.

मी फोन ठेवायचे आणि तांब्याभर पाणी ओतायचे. माती चिकचिकीत, खालची ताटली भरलेली, तरी ओतायचे. चुकून नाही हं. मरावं म्हणूनच.

पण थांबा — मला सांगायचंय ते हे नाही. झाड काय, झाडच.

आई परत आल्या. पानं गळून खाली पडलेली, खोड मऊ पडलेलं, मातीला आंबूस वास. त्यांनी माझ्याकडे बघितलं. नवरा शेजारीच उभा. आणि माझ्या तोंडून सहज निघालं — "आई, तुम्हीच तर फोनवर सांगत होतात, उन्हाळा आहे, रोज घाल. मी म्हणत होते ओलं आहे म्हणून. आठवत नाही का?"

"मी?" त्या म्हणाल्या. कुंडीतल्या मातीत बोट खुपसून बघितलं. मग हळूच, "म्हणाले असेन गं."

नवरा म्हणाला, या वयात होतं असं. तेव्हाच बोलायला नको होतं का मी? नाही बोलले. खोटं कशाला सांगू — बरं वाटलं. गार वाटलं अगदी.

आणि मग सवयच लागली. दूध उतू गेलं, आईंनी गॅस तसाच ठेवला असेल. नळ चालू राहिला, आईंचाच असेल. विसरलेली मी असायचे. त्या आधी हुज्जत घालायच्या, मग घालेनाशा झाल्या. एकट्या बाजारात जाऊन भाजीवाल्याशी भांडून येणारी बाई ती! जिना उतरायची बंद झाली. गॅसला हात लावेना. "अगं, मी जेवले का?" विचारायला लागली.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मलाच विचारलं, घरात दिवसभर तुम्ही असता, नेमकं काय विसरतात? आई शेजारी मान खाली घालून बसलेल्या. तिथे तरी खरं सांगायचं —? मी क्रोटनचं सांगितलं, स्वतःच पाणी घालायला सांगून विसरल्या म्हणून. डॉक्टरांनी मान हलवली, गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्या मीच देते, वेळच्या वेळी.

आता त्या खरंच विसरतात की मी विसरायला लावलं, मलाच कळत नाही.

काल नणंद न्यायला आली होती. थोडे दिवस चल म्हणाली, हवापालट. आईंनी माझा हात घट्ट धरला. "नको गं," लेकीला म्हणाल्या. "मला माझं आता काही खरं वाटत नाही. ही सांगते तेवढंच खरं."

मी हात सोडवून घेतला नाही.