रेघांच्या टीव्हीचं लायसन

आमच्या चुलत सासऱ्यायला या दुनियेत एकच गोष्ट सहन व्हत न्हाई, ती म्हंजी कुलूप. साप चालतो, पाव्हना चालतो, आळणी पिठलंबी चालतं, पर कुलूप दिसलं की त्यांच्या अंगाची लाही व्हती. मी त्यान्ला मामा म्हंते, आन् त्यांच्या बायकूला आत्या. मांजरसुंब्याला हायवेच्या कडंला मामांचं दुकान हाय, तिथं ट्रकाचे मीटर, मोटरीचे स्टार्टर, लोकांचे टीव्ही समदे पोट उघडून पडलेले आस्त्यात, आन् दुकानामागंच घर. घरात कपाटाला कुलूप न्हाई, पेटीला न्हाई, आन् खोटं कावून सांगू, मोरीलाबी कडी न्हाई. "कडी म्हंजी कुलपाची धाकटी बहीन," आसं म्हनून त्यांनी ती उपसून टाकली. तवा आंघोळीला बसलं की आमाला गानं म्हनावं लागतं. आत्याला एकच आरती येती. ती सुरू झाली की समद्या गल्लीला कळतं, देवपूजा न्हाई, आत्या न्हायला बसली.

आन् एकदा काही डोक्यात शिरलं की ते मिटल्याबिगर दुसऱ्या कामाला हात लावायचा न्हाई. पोटच्या पोरीच्या लग्नात बँडवाल्याचा भोंगा बंद पडला, तर हे मांडवामागं भोंगा उघडून बसले. भटजी बोलवायला गेला तर म्हनले, "आधी आवाज, मंग अक्षदा. मुक्यानं लगीन लागत आस्तं का?" मुहूर्त टळला, भोंगा वाजला, मंग लगीन लागलं. माझी नणंद नवऱ्याशी भांडली की अजूक भोंग्यालाच शिव्या देती.

यंदा धनी आन् सासू-सासरे ऊसतोडीला गेले. मपली लेक दीड वर्साची, छातीत सदा घरघर, फडातली धूळ तिला सोसंना, म्हनून आमाला दोघींला मामाकडं ठिवलं. डॉक्टरनं वाफेची मशीन दिल्ती, सकाळ-संध्याकाळ वाफ द्या, चुकवू नका म्हनले. मी आधीच भित्री, लेकरू जरा जास्त येळ झोपलं तर नाकापुढं बोट धरून बसनारी, आन् एक दिस सकाळची वाफ दिली आन् दुपारी उगंच चालू करून बघितली तर मशीन गप. बटन दाबलं, न्हाई. थापटलं, न्हाई. मी तशीच लेकरू काखंत, मशीन पदरात, पळतच दुकानात.

मामांनी मशीन घेतली न घेतली, चारी स्क्रू ताटलीत. मंग म्हनले, "आता रेघ बघू."

रेघ बघायची त्यांची येक मशीन हाय. मामा तिला स्कोप म्हंत्यात, आत्या रेघांचा टीव्ही म्हंती. करंट कसा पळतो त्याची पिवळी रेघ तिच्यावर थरथरत दिसती. सिरियल न्हाई, बातम्या न्हाई, निस्ती रेघ, आन् आत्या म्हंती, यांनी लग्नात मपल्याकडंबी येवढं बघितलं नव्हतं. तर ती चालू केली आन् कोपऱ्यात उलसं कुलपाचं चित्र आलं. झालं! त्या मशीनीत चार जास्तीच्या सोयी व्हत्या, कंपनीनं चाखायला म्हनून उघड्या ठिवलेल्या, त्यांची मुदत संपली. आता उघडायच्या तर आधी मशीनीच्या डोक्यातलं जुनं काढून नवं भरायचं, त्याला फर्मवेअर म्हंत्यात, आन् मंग लायसनचा नंबर टाकायचा.

"सोयी समद्या आतच हायती गं!" मामा तापले. "निस्तं कुलूप लावलंय. खोल्या आपल्या घरातल्या आन् चावी दुसऱ्याकडं!"

"मामा, पर लेकीची वाफ..."

"वाफ संध्याकाळी. आता दुपार हाय."

नवं भरायला पेन ड्राइव्ह लागला, तो धन्याचा घेतला आन् मोकळा केला. त्यात आमच्या लग्नाचं शुटिंग व्हतं हे मला दोन दिसांनी कळलं. मंग म्हनले, भरताना मधी लाईट गेली तर मशीनीची वीट व्हती, परत कवाच चालू व्हत न्हाई. माझं माहेर वीटभट्टीवरचं, वीट काय ते मला सांगायला नको, पर टीव्हीची वीट कशी व्हती ते कळंना, निस्तं भ्या वाटायलं. पाटोद्याचा एक ड्रायव्हर मीटर दुरुस्तीला थांबल्ता, त्याच्या ट्रकाच्या बॅटरीवरून मामांनी वायर दारातून आत वढली. पिन ढिली, म्हनून मला सांगितलं, "धरून बस. सोडू नको." मी बसले, एका हातात लेकरू, एका हातात पिन. पडद्यावर उलशी पट्टी सरकायली, सरकायली, आन् निम्म्यावर थांबली. माझा जीव थांबला. तेवढ्यात लेकीनं वायर धरून वढली, मी पिन तशीच दाबून धरली.

"मिस्तरी, गाडी कवा सोडता? टमाटे नासायलेत!" ड्रायव्हर दारातून.

"गप बे! हितं डोक्याचं आपरेशन चाललंय!"

पट्टी सरकली. मशीन आपली आपन बंद झाली, परत चालू झाली. वीट झाली न्हाई.

आता नंबर. तो मामांनी विकनाऱ्याकडून फोनवर ऐकून एका लग्नपत्रिकेच्या मागं लिव्हल्ता. मी पत्रिका वर धरली, मामा बघून बघून दाबायले. चूक. परत दाबला, परत चूक. तिसऱ्यांदा चुकलं की मशीन बारा तास रुसती म्हनले, आन् ते कुलूप उघडल्याबिगर मामा वाफेच्या मशीनीला हात लावनार न्हाईत हे मला ठावूक.

"रुसू द्या की," आत्या चुलीपासून म्हनली. "तीस वर्सं मी रुसले, मला कुनी नंबर टाकला न्हाई."

मामांनी तिसऱ्यांदा बोट उचललं तवा माझं ध्यान पत्रिकेवर गेलं. अक्षरं इंग्रजी, पर आकडे घाईत आपले मराठी लिव्हलेले. आन् मामा समदं इंग्रजीवानी वाचायले! ४ चा 8, ७ चा 6, १ चा 9. पाचवीत याच सातापायी मपल्या हातावर छडी बसल्ती. सातवीत शाळा सुटली, शिकलेलं इसरले, पर ती छडी इसरले न्हाई. आता सासऱ्याला चूक सांगायची कशी? लेकीकडं बघितलं. तिची छाती वाजायली व्हती.

"मामा, तो सहा न्हाई. आपला सात हाय."

बोट तसंच वर. "काय?"

"आन् तो आठ न्हाई. चार हाय."

मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पत्रिकेकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हाकलत्यात.

"तूच टाक," म्हनले.

एकेक आकडा बघून टाकला. कुलूप गेलं! मामा आसे वरडले की ड्रायव्हर चप्पल सोडून पळत आला.

"सुनंनं लायसन काढलं!"

"कशाचं? मोटारसायकलचं?"

वाफेच्या मशीनीला मंग दोन मिनटं लागली. पिनीतली वायर तुटल्ती. मामांनी ती दातानं सोलली, पिळली, चिकटपट्टी मारली. रेघ बघायची येळच आली न्हाई. दिवे लागायच्या आत लेकीच्या तोंडावर वाफ व्हती आन् मी कोपऱ्यात बसून उगंच रडत व्हते.

त्या चार सोयी मामांनी आजपत्तुर वापरल्या न्हाईत. त्यात काय हाय इचारलं तर म्हनले, "मला कुठं ठावूक? पर उघड्या हायती ना!"

पंधरा दिसांनी पाटोद्याच्या बाजारातून आले, पिशवीतून वांगी काढली आन् वांग्याखालून एक कागद. "समदं आतच हाय, निस्तं कुलूप लावलंय," म्हनले. मला वाटलं, स्कोपचंच बोलायलेत. ते मोरीकडं गेले, गानं म्हनत. कागद बघितला तर बाहेरून दहावीला बसायचा फारम. वर मामांनी पेनानं फारमाचा नंबर लिव्हल्ता, १७, आन् कुनी शहाण्णव वाचू नये म्हनून शेजारी अक्षरात, सतरा.

अजूक भरला न्हाई. भ्या वाटतं. पेटीत ठिवलाय. पर पेटीला कुलूप न्हाई, येता-जाता दिसत राहतो.