वकीलसाहेबांच्या चाळीस तक्रारी

आमच्या मावशीने पालिकेच्या तक्रार विभागात एकतीस वर्षं फोनवर लोकांच्या शिव्या खाल्ल्या आणि तिला त्या चांगल्या मानवल्या. निवृत्त झाली तेव्हा पालिकेने तिला घड्याळ दिलं आणि फोन ठेवून घेतला. तिथेच सगळं बिघडलं. दोन महिन्यांत बाई सुकली. घरातला फोन वाजायच्या आधीच उचलायची, पलीकडे कोणी नसलं की हिरमुसायची. पोस्टमनला दारात थांबवून विचारायची, "तुमची काही तक्रार?" मला खरंच काळजी वाटू लागली.

तेवढ्यात पालिकेची निवडणूक आली. मी वकीलसाहेबांच्या प्रचार कार्यालयात होतो. तिथे टेबलावर सहा फोन होते आणि प्रत्येकापुढे एक छापील कागद. समोरचे उमेदवार, म्हणजे सध्याचे नगरसेवक असलेले डॉक्टर, किती आळशी, किती कुचकामी, हे मतदारांना वाचून दाखवायचं. मी मावशीला एका फोनपुढे बसवलं. अहो, काय खुलली!

बाकीच्यांचे फोन लोक अर्ध्या मिनिटात आपटायचे. मावशीचा एकेक फोन पाऊण तास चालायचा. ती इमानदारीत वाचायची, "डॉक्टर पाच वर्षं झोपा काढत होते," आणि जुन्या सवयीने पुढे विचारायची, "बरं, तुमच्याकडे काय बिघडलंय? कधीपासून? जिन्याजवळ की गेटाजवळ?" मग काय विचारता! गळका नळ, बंद दिवा, तुंबलेलं गटार, जावयाचा स्वभाव. सगळं ती वहीत क्रमांक घालून उतरवायची. जावयालासुद्धा क्रमांक होता.

वही पाहून वकीलसाहेब हरखले. "मावशी, हा तर दारूगोळा आहे! रविवारच्या सभेत एकेक काढतो बाहेर." त्यांनी निवडक चाळीस तक्रारी पाठ केल्या, हातवाऱ्यांसकट.

रविवारी मैदान गच्च भरलं. साहेब गरजले, "तिसऱ्या गल्लीत वर्षभर अंधार! आहे की नाही?"

"होता!" गर्दीतून एक बाई ओरडली. "गुरुवारी दिवा लागला की!"

"शाळेमागचं गटार..."

"उपसलं!"

"चौकातला नळ!"

"धो धो येतंय पाणी!"

लोक हसत सुटले. पुढे तर साहेबांनी तोंड उघडायच्या आत अख्खं मैदान एका सुरात "झालं!" म्हणायचं. हसू दाबता दाबता मला ठसका लागला. शेवटी साहेबांनी रडवेल्या आवाजात विचारलं, "अहो, पण हे केलं कोणी?"

"फोनवरच्या मावशींनी!"

झालं होतं असं, की तक्रार लिहून घ्यायची आणि गप्प बसायचं, हे मावशीला कधी जमलंच नाही. ती रोज दुपारी पालिकेतल्या आपल्या जुन्या हाताखालच्यांना फोन लावायची. ते लोक अजूनही तिच्याशी फोनवर उभे राहून बोलतात.

साहेब कार्यालयात आले ते लालबुंद होऊन. "माझ्या सगळ्या तक्रारी संपवल्यात तुम्ही! उद्यापासून येऊ नका."

मावशीचा चेहरा पडला. तिने फोनवरचा हात काढला आणि पर्स उचलली. पण दारापर्यंत जाऊन ती वळलीच.

"साहेब, त्या तुमच्या कुठे होत्या? लोकांच्या होत्या."

साहेब मटकन खुर्चीत बसले. खाली मान घालून पुटपुटले, "आमच्या वरच्या मजल्यावर पाणीच चढत नाही. दोन वर्षं बादल्या वाहतोय. वकिलाला स्वतःचा नळ नीट करून घेता येत नाही, असं लोक म्हणतील म्हणून..."

"दोन वर्षं!" मावशी ओरडलीच. पर्स भिरकावून तिने वही ओढली आणि फोनपुढच्या खुर्चीत बसली. "पाइप पुढून येतो की मागून? आणि तोंडातल्या तोंडात नाही बोलायचं. मोठ्याने सांगा."

साहेब मोठ्याने सांगू लागले. तेवढ्यात फोन वाजला. मावशीने हातानेच त्यांना "थांबा" म्हटलं आणि तो उचलला.

साहेब थांबले.