काचेच्या धाग्यांचं मडगार्ड

खाणीच्या मॅनेजरसाहेबांची गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती, पण तिच्या जुन्या सांगाड्यावर त्यांनी नवी बॉडी बसवली होती. ती विलायतेहून आलेली, पत्र्याची नव्हे, काचेच्या धाग्यांची. राजुऱ्याच्या रस्त्यावर एक रोही, म्हणजे नीलगाय, आडवं आलं आणि डावं मडगार्ड फुटलं. पत्र्याला पोचा आला असता. इथे तळहाताएवढा तुकडाच उडून गेला होता.

साहेब महिनाअखेरीस कायमचे परत चालले होते, गाडीसकट. बाबा त्यांच्या हपिसात हेडक्लार्क. त्यांनी चांद्याच्या कोटाबाहेर पत्र्याचं काम करणाऱ्या मिस्त्रीचाचांचं नाव सुचवलं. साहेब म्हणाले, काम जमलं तर जाण्यापूर्वी त्याला खाणीच्या वर्कशॉपात कायम करून जाईन. चाचांची बायको दम्याने अंथरुणाला खिळली होती. खाणीचा दवाखाना फक्त कायम माणसांच्या घरच्यांना होता.

दुरुस्तीचं सामान साहेबांजवळ होतं: राळेचा एक डबा, ती घट्ट करणाऱ्या औषधाची बाटली, काचेच्या धाग्यांचं कापड आणि चार पानी इंग्रजी कागद. तो वाचायला मी. मी नुकतीच नागपूरच्या कॉन्व्हेंटमधून शिकून आले होते. मुलीने मिस्त्रीच्या शेडमध्ये जाऊन बसणं आईला पसंत नव्हतं, म्हणून गाडीच आमच्या क्वार्टरच्या अंगणात आली.

चाचांनी आधी मडगार्डाला लोहचुंबक लावून पाहिलं. मग बोटाने टकटक केली.

"आवाजच नाई येत. हे गाडी हाय का सुपलं?"

दोन दिवस त्यांनी तुटलेल्या कडा कानशीने घासल्या. काचेची बारीक कुसळं हातांत शिरून कोपरापर्यंत पुरळ उठलं. कापडाचे तुकडे कापून त्यांनी ते कोरडेच भोकावर बसवून पाहिले, पुन्हा पुन्हा. त्यांचं काम पाहायला मला आवडे, पण मी तसं म्हटलं नाही. मी बहुतेक काही म्हणतच नसे.

तिसऱ्या दिवशी राळ लावायची होती. मे महिना होता. चाचा उजाडताच आले.

"बाई, निंबाखाली करून घेऊ आताच. मंग ऊन तापते."

मी कागद पाहिला. त्यात लिहिलं होतं, काम उबदार, कोरड्या जागी करा. गारठ्यात राळ घट्ट होत नाही. मी म्हटलं, "चाचा, सावलीत नको. उन्हं चढू द्या."

"बरं. मंग थोडी थोडी कालवतो."

कागदावर अख्ख्या डब्याला किती औषध, तेवढंच दिलं होतं. म्हणून सगळा डबा एकदमच कालवायला मी सांगितलं. घरात माझं म्हणणं कुणी विचारत नसे आणि इथे पन्नाशीचा कारागीर माझ्या तोंडाकडे पाहत थांबला होता. आवाज मुद्दाम जरा कडक केल्याचं मला आठवतं.

अकरा वाजता गाडी ढकलून उन्हात आणली. बॉनेटवर हात ठेववत नव्हता. चाचांनी डब्यात औषध ओतलं, ढवळलं, पहिला थर लावला.

"किती टाइम हाय आपल्यापाशी?"

"वीस मिनिटं."

कापडाचा दुसरा तुकडा ठेवता ठेवता ते थबकले. "बाई, डबा तापून राह्यला."

मी पुन्हा कागद पाहिला. वीसच होतं. "अजून वेळ आहे," मी म्हटलं.

वीस मिनिटं व्हायच्या आतच डब्यातून धूर निघाला. चाचांनी ब्रश बाहेर ओढला तर सगळी राळ त्याच्याबरोबर एक गोळा होऊन वर आली. मडगार्डावरचं कापड अर्धं भिजलेलं, अर्धं कोरडं, तसंच ताठ झालं. आईने रॉकेल आणून दिलं. चाचांनी चोळून पाहिलं, मग चिंधी खाली ठेवली. मी हातात कागद धरून उभी होते.

संध्याकाळी साहेब आले. वाकून पाहिलं आणि बाबांना इंग्रजीत म्हणाले, माणूस भला आहे, पण नव्या सामानाला हा हात चालायचा नाही. कायम नोकरीची चिठ्ठी देता येणार नाही. बाबा म्हणाले, "येस सर."

मी पुढे झाले. साहेबांशी मी कधी बोलले नव्हते. माझ्याच इंग्रजीत म्हटलं की कागद विलायतेच्या हवेसाठी लिहिलेला, उन्हात काम करायला मी सांगितलं, यांचं ऐकलं असतं तर सकाळीच झालं असतं. वाक्य मध्ये दोनदा तुटलं. साहेब मायेने हसले. म्हणाले, त्याची बाजू घेतेस, चांगली मुलगी आहेस. बाबांनी मला डोळ्यांनी आत जायला सांगितलं. मी गेले नाही.

साहेब गेल्यावर चाचांनी विचारलं, "काय म्हनलं साहेबानं?"

मी सांगितलं. चिठ्ठीचंही.

"अन् तू काय म्हनलं?"

"चूक माझी आहे म्हणून सांगितलं. त्यांना पटलं नाही."

"कसं पटन," चाचा म्हणाले. "कागद तं त्यायचाच होता."

ते ब्रश दगडावर ठोकत बसले. त्यांचा एकच चांगला ब्रश होता तो. त्याचे केस सुटेनात, तेव्हा त्यांनी तो पिशवीत घातला. आईने चहा आणला. त्यांनी उभ्यानेच घेतला. बायकोला औषध द्यायची वेळ झाली होती.