सीटखालची वायर

येलहंक्यातल्या माझ्या अर्ध्या एकरात छोटा ट्रॅक्टर सारखा बंद पडायला लागला, तेव्हा बेळगावकडचा एक मेकॅनिक आला होता. त्याआधी दोन रविवार व्हिडिओ बघून मी इंजिन खोलून जोडलं होतं. उरलेले चार नट त्याने तळहातावर घेतले आणि आदराने विचारलं, "सर, ऑफिसात असता काय?"

मग मला ट्रॅक्टरवर बसवून तो तंबाखू मळत उभा राहिला. मागचा टिलर माती कशी उलटतोय ते बघायला मी उठलो आणि इंजिन बंद पडलं.

"सापडला बिघाड," तो हसला. "तुम्ही उठता. चालवणारा उठला की बंद पडायलाच सीटखाली स्विच असतोय."

"मग त्याची वायरच तोडून टाका!"

त्याचं हसू गेलं. त्याने डावा बूट काढला. पावलाला तीन बोटं नव्हती.

"माझ्या आधीच्या मालकांनीबी हेच सांगितलं. मी तोडली. रिव्हर्समध्ये असताना ते फोन घ्यायला खाली उतरले. मागं मी होतो."

बूट घालून त्याने पक्कड माझ्यापुढे धरली. "घ्या. तुमच्या हातानं तोडा."

मी परत सीटवर बसलो.