बोर्ड न वाचता

येळ्ळूरच्या रुक्माबाईनं दिल्ली तीनदा पाहिली, असं गावात मोठ्या अभिमानानं सांगतात. खरं म्हणजे ती दिल्लीला तीनदा गेली. पाहिली एकदाही नाही. तिन्ही वेळा मोर्चा होता आणि मोर्चात माणसाला दिसतं ते पुढच्या बाईचं घामानं भिजलेलं पोलकं. मुंबईचं तेच, नागपूरचं तेच. नागपूरला एक संत्रं तेवढं जास्तीचं मिळालं होतं. एवढी फिरलेली बाई पंचक्रोशीत दुसरी नसेल, आणि इतकं काहीच न बघितलेलीही.

हे सगळं भाग्य नवऱ्याचं. मारुतीराव हे सीमालढ्याचे जुने, निष्ठावंत कार्यकर्ते. बेळगाव महाराष्ट्रात जाणार हे ते चाळीस वर्षं सांगत आले आहेत, आणि दर वेळी ‘येत्या दोन महिन्यांत’ जाणार असं सांगतात. लाठ्या खाल्ल्या, दोनदा आत जाऊन आले, यात खोटं काही नाही. तेव्हापासून गावातली बारकी पोरंसुद्धा त्यांना वाकून नमस्कार करतात आणि ‘अण्णा, निकाल कधी?’ म्हणून विचारतात. घरात त्यांचे नियम कडक. कानडी बोलायला हरकत नव्हती, कारण पेंडवाल्या शेट्टीला दुसरी भाषा कळत नव्हती आणि म्हशीला उपास घडवून लढा जिंकता येत नाही. पण कानडी अक्षर उंबऱ्याच्या आत येता कामा नये. औषधाच्या बाटलीवरचा कानडी कागद सोलून काढूनच बाटली फळीवर जाई. मग खोकल्याला नेमकं काय पोटात गेलं, ते देवालाच ठाऊक.

अशा घरावर कर्नाटक सरकारनं एक दिवस घाव घातला. बायकांना बस फुकट केली.

अख्ख्या गावातल्या बायका आधार कार्ड पदराला बांधून देवदर्शनाला सुटल्या. ज्यांनी आयुष्यात चूल आणि भाताचं शेत सोडून काही पाहिलं नव्हतं, त्या आता कुठल्या देवळात प्रसादाला किती तूप असतं यावर वाद घालू लागल्या. मारुतीरावांनी जाहीर केलं, "आपल्या घरातली बाई फुकट्या गाडीत बसायची न्हाय. जायाचंच झालं तर पैसं मोजून तिकीट." आणि ते खरोखर पैसे देत. रुक्माबाईची धाकटी बहीण अक्काताई निपाणीत राहते. ‘अक्काताईकडं जाऊन येते’ म्हटलं की मारुतीराव कनवटीतून नोटा काढत. कंडक्टर आधार कार्ड बघून झिरो तिकीट फाडून देई आणि नोटा पदरातच राहत. तत्त्वाच्या पैशाची भजी फार खमंग लागतात, हे रुक्माबाईला त्या काळात कळलं.

पहिल्या खेपेला तीही चारचौघींसारखी एका मोठ्या देवाला गेली. अर्धा दिवस रांगेत उभी राहिली. देव डोळ्याचं पातं लवतं तेवढा दिसला. बाकी सगळा वेळ पुढच्या बाईचं पोलकं. परत येताना तिनं मनाशी ठरवलं, जिथं माणसं जातात तिथं आता जायचं नाही.

तर मग जायचं कुठं? बेळगावच्या स्टँडवर गाड्यांचे बोर्ड कानडीत आणि रुक्माबाईला घरच्या नियमानं कानडी वाचता येत नव्हतं. दुसरी कुणी असती तर घाबरली असती. हिनं त्याचीच रीत करून टाकली. बोर्डाकडं बघायचंच नाही, माणसं बघायची. टोपलीत कोंबड्या घेऊन म्हाताऱ्या चढत असतील तर गाडी लहान गावाला जाते. पोरींच्या पाठीवर दप्तरं असतील तर तालुक्याला, म्हणजे कामाची नाही. ड्रायव्हरनं उशाला चादर घेतली असेल तर मुक्कामाची, म्हणजे घोटाळ्याची. आणि पालखीएवढं गाठोडं घेऊन एखादा म्हातारा एकटाच बसला असेल, कुणाशी न बोलता, तर ती गाडी हमखास अशा ठिकाणी जाते, जिथं का जायचं हे त्या म्हाताऱ्यालाही माहीत नसतं. त्या गाडीत रुक्माबाई चढायची. कंडक्टरनं "एल्लिगे, अक्का?" म्हणून कुठं जायचं विचारलं की म्हणायची, लास्ट स्टॉप.

अशी ती काय काय बघून आली! एका गावात ओढ्यावर मोठा थोरला पूल आहे आणि त्याला दोन्ही बाजूंनी रस्ताच नाही. रस्ता दुसऱ्या पक्षाच्या आमदाराच्या वाट्याला आला होता म्हणे. गावानं त्या पुलावर मिरच्या वाळत घातल्या आहेत. इतकं सुंदर लालभडक सरकारी काम तिनं दुसरं पाहिलं नव्हतं. एका गावचा मारुती घड्याळांना पावतो. नवस फेडायला लोक बंद पडलेली घड्याळं आणून टांगतात, आणि पुजारी भक्तालाच विचारतो, "किती वाजलं हो?" आणखी एका ठिकाणी मंत्र्यासाठी बांधलेला बंगला आहे. मंत्री आले नाहीत. राखणदार रोज सोफा झटकतो आणि आलेल्या माणसाला खिडकीतून दाखवतो. आत सोडत नाही, कारण मंत्री कधीही येतील.

या सगळ्यापेक्षा तिला आवडायचं ते वेगळंच होतं. शेवटच्या स्टॉपला उतरलं की कुणी तिला ‘मारुतीरावांची मंडळी’ म्हणत नसे. ‘निकाल कधी?’ विचारत नसे. कुठनं आलीस, का आलीस, एवढं विचारून चहा देत आणि विसरून जात. चाळीस वर्षांच्या संसारात हे सुख तिला कधी मिळालं नव्हतं आणि ते सोडायची तिची तयारी नव्हती.

घात केला तो तिच्याच रीतीनं. पावसाळ्याच्या तोंडाला ती स्टँडवर उभी असताना एक गाडी आली. तोंडाला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा, वर कापडी फलक. रुक्माबाईनं हिशेब केला, वऱ्हाड! लग्नघर म्हणजे जेवण आलंच. बोर्डाप्रमाणे फलकही कानडीत होता, तिनं तिकडं बघितलंच नाही. गाडी एका आडबाजूच्या डेपोत जाऊन थांबली. ही उतरली तर समोर वाजंत्री. रुक्माबाई खूश. पुढच्या घटकेला तिच्याच गळ्यात हार पडला. कुणी शाल घातली, कुणी नारळ दिला, कुणी हातात कापलेला केक कोंबला आणि फोटोवाल्यानं ‘नगरी, नगरी’, म्हणजे हसा, हसा, म्हणत तिला हसवलं. फुकट प्रवासाच्या योजनेचा वाढदिवस होता आणि त्या गाडीतून सगळ्यात आधी उतरलेली बाई सरकारची सत्कारमूर्ती होती. बिचारीनं वराकडचं कोण दिसतंय का, म्हणून शेवटपर्यंत मान उंच करून पाहिलं.

दोन दिवसांनी तो फोटो कानडी पेपरात आला. विरोधक काय लिहितात ते कळावं म्हणून मारुतीरावांची सीमालढ्याची समिती एक कानडी पेपर घेत असे आणि तो वाचायचं काम शामूकडं होतं. शामू म्हणजे मारुतीरावांचा उजवा हात, फक्त जरा जास्तच उत्साही. त्यानं भर बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवलं, "‘सरकारनं माझ्या पायाला पंख दिले,’ असे उद्गार येळ्ळूरच्या रुक्माबाई यांनी काढले." रुक्माबाईनं काढलेले उद्गार खरं तर ‘नवरी कुठं हाय?’ एवढेच होते. पण पत्रकारानं आपलं कर्तव्य केलं होतं.

मारुतीराव घरी आले ते तळपायाची आग मस्तकात घेऊनच.

"अक्काताईकडं जात हुतीस न्हवं?"

"एकदा गेलते," रुक्माबाई म्हणाली. ती खोटं बोलून दमली होती. "बाकीच्या टायमाला दुसरीकडं."

"दुसरीकडं म्हंजे?"

"गाडी न्हील तिकडं."

"तुला काय कमी केलं गं मी? दिल्ली दाखिवली, मुंबई दाखिवली..."

"दिल्लीत काय बघितलं मी? सांगा की! आपल्या गावातल्याच बायांच्या पाठी बघितल्या. त्या हितं बी दिसत्यात." तिचा आवाज चढला. "मला कायतर बघायचं हाय हो. मरायच्या आदी. फुटकं-तुटकं असंना का, पर मी बघितलेलं."

मारुतीरावांनी भाषणासाठी घसा खाकरला. तेवढ्यात शामू दारात आला आणि त्यानं तोडगा काढला. रविवारी निपाणीत मारुतीरावांचा जाहीर सत्कार होता, सीमानिष्ठेबद्दल. घरात अशा अकरा शाली होत्या, बारावी यायची होती. शामूचं म्हणणं सरळ होतं. "काकूंनी स्टेजवर येऊन माईकवर दोन शब्द बोलायचं. फसवून हार घातला म्हणायचं. आनि हितनं फुडं त्या गाडीत पाय ठिवनार न्हाय, अशी शपत घ्यायची. न्हायतर अण्णा, लोकं सत्कार कसा करतील? तुमीच सांगा."

मारुतीरावांनी बायकोकडं पाहिलं. मग जमिनीकडं पाहिलं. मग म्हणाले, "घील ती शपत."

शपथ घेतली असती तर तिनं पाळली असती. तशी ती बाई होती, म्हणून तर शपथेला भीत होती.

रविवारी सकाळी दोघं बेळगावच्या स्टँडवर उभी. समितीची माणसं पुढं गेली होती, कर्नाटकच्याच लाल गाडीनं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. मारुतीराव नव्या धोतरात, खिशात भाषण. तेच भाषण, फक्त वर्ष बदललेलं. समोर दहा-बारा गाड्या आणि सगळे बोर्ड कानडीत. एरवी ते अशा वेळी आवाज खाली करून कुणातरी परक्याला विचारत. चाळीस वर्षं लढलेल्या माणसाला स्वतःच्या गावच्या स्टँडवर आपली गाडी हळूच विचारावी लागते, हे रुक्माबाईनं कितीदा बघितलं होतं आणि दर वेळी तिला वाईटच वाटलं होतं. आज ते बायकोकडं वळले.

"तुला आता गाड्या कळत्यात. निपाणीची कुठली गं?"

रुक्माबाईनं नजर फिरवली. पोरं दप्तरासकट चढत होती ती एक. सुटाबुटातल्या माणसांची एक. आणि कोपऱ्यात एक खिळखिळी गाडी, खिडकीत मोठं गाठोडं मांडीवर घेऊन एकटाच बसलेला म्हातारा.

"ही बगा," ती म्हणाली.

मारुतीराव चढले, खिडकी धरून बसले. "ये की."

"पाणी घिऊन आले," म्हणून ती गेली आणि रसाच्या गाड्याआड उभी राहिली. गाडी सुटली. खिडकीतून मारुतीरावांचं डोकं बाहेर आलं, इकडं तिकडं बघत. मग वळणावर दिसेनासं झालं.

आपण काय केलं हे त्यानंतर तिला कळलं. त्या दिवशी ती कुठंच गेली नाही. घरी येऊन चुलीपुढं बसली. शामूचे फोन येत होते, ते तिनं उचलले नाहीत. सत्कार बुडाला, नवऱ्याची अब्रू गेली आणि ते आपल्या हातानं घडलं. आता घरात राहायचं कसं, याचा विचार करत तिनं तीनदा भात करपवला.

दिवे लागायच्या सुमाराला मारुतीराव आले. धोतराला धूळ, पाय चिखलानं भरलेले. ओट्यावर बसले. तिनं तांब्या पुढं ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली, काय येईल ते झेलायला.

मारुतीराव पाणी प्यायले.

"हिरीत कासव हाय तिथं," ते म्हणाले.

"कुठं?"

"म्हायती न्हाय. गावाचं नाव इचारलंच न्हाय मी. लई म्हातारं कासव. घंटी वाजिवली की वर येतंय. लोकं भाकरी टाकत्यात. दोन तास बसलो, तवा एकदा आलं." त्यांनी दोन्ही हात पसरून माप दाखवलं. "एवढं!"

रुक्माबाईला हसावं की रडावं कळेना. "कंडक्टरनं तुमास्नी सांगितलं न्हाय व्हय, निपाणीची गाडी न्हवं म्हणून?"

"सांगितलं की. पयल्याच स्टॉपला सांगितलं. म्हनला, हितं उतरा, समोरनं निपाणीची गाडी येतीया."

"मग?"

मारुतीरावांनी तांब्या उगाच फिरवला.

"उटलोबी हुतो. मग परत बसलो. शामूचा फोन यायला लागला, तो बंद केला. तिथं पारावर माणसं हुती. कुठनं आलाईसा, म्हणाली. बेळगावकडनं म्हटलं. व्हय का, म्हणाली, आनि गप बसली. निकाल कदी, असं कुनीबी इचारलं न्हाय गं. कुनी पाया पडलं न्हाय. मला तिथं कुनी वळकतच न्हवतं."

एवढं बोलून त्यांनी डोळ्यांवरून पंचा फिरवला. धूळ गेली असेल. रुक्माबाई त्यांच्याशेजारी ओट्यावर टेकली. लग्न झाल्यापासून हा माणूस तिला माहीत नसलेलं काहीतरी पहिल्यांदाच सांगत होता.

"शामूला ह्यातलं सांगू नगंस," ते म्हणाले.

"मी कशाला सांगू? मी तरी कुनाला सांगितलं हुतं?" ती म्हणाली, आणि करपलेला भात वाढायला आत गेली.